रजिस्टरची कापलेली कड

"मास्तर, मग माझी आई काय आभाळातून पडली का?"

"आभाळातून पडली असती तर नोंद सापडली असती, बाई. गारा पडल्याची नोंद आहे आपल्याकडे, तारखेनिशी. तुमच्या आईची नाही."

"नीट बघितलंत?"

"तीनदा. दोरवाल्याच्या नावावर एक जन्म नाही. त्याच्या बायकोच्या नावावर नाही. पोरगी नाही, पोरगा नाही. कागदावर तुमचे आजोबा बिनपोराचे मेले."

"आणि मी?"

"तुमची गोष्टच काढू नका. आईच नाही तर तुम्ही कुठल्या?"

एरवी असल्या बोलण्यावर दोघंही खो खो हसली असती. त्या गुरुवारी दुपारी कोणीच हसलं नाही. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कोरा फॉर्म बाईंकडे सरकवला.

मास्तर म्हणजे वंशावळ मंडळाचे चिटणीस. चौतीस वर्षं पोरांना नकाशे शिकवले, आता लोकांना त्यांचे पणजे शोधून देत. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, आठ सभासद आणि भिंतभर कार्डांचे खण. इतकी वर्षं तिथं रिकामटेकडेच फिरकायचे. पण यंदा नगरपालिकेनं दोरखंडाच्या बंद कारखान्यामागची ओळीतली घरं मोकळी करायची ठरवली. पहिल्या रहिवाशाचा वारस असाल तर घर तुमचं, नसाल तर महिन्यात बाहेर. वाढवायला घेतलेलं मूलही चालेल, पण त्याची त्या वेळची सरकारी नोंद पाहिजे. आणि वारस आहे हे ठरवणार मंडळ, शिक्का मारलेल्या वंशपत्रावर. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. म्हणजे उद्या.

बाइंडरबाई दुसऱ्या ओळीतल्या अकरा नंबरात राहायची. तिथंच जन्मली, तिथूनच लग्न होऊन गेली, चार वर्षांनी पेटी घेऊन तिथंच परत आली. नवरा मेला नव्हता, नुसता गेला होता. सव्वीस वर्षं ती दप्तरखान्यातली जुनी रजिस्टरं दुरुस्त करत होती. शिवणं, खळ लावणं, पुठ्ठे चढवणं. गावातल्या निम्म्या माणसांचे जन्म-मृत्यू तिनं आपल्या दाभणानं शिवलेले, आणि स्वतःच्या आईचाच जन्म त्यात सापडेना.

घरी आली तर आई दाराशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी जेरीस आलेली, जीभ मात्र शाबूत.

"शिक्का मिळाला?"

"आई, तुझा जन्म कुठं झाला?"

"हे काय मधेच?"

"मास्तरांना सापडत नाही. आजोबांच्या नावावर मूलच नाही म्हणतात."

आईनं शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, साल बाजूला टाकलं. मग म्हणाली, "नसणारच. मला आणलेली आहे."

बाइंडरबाई उंबऱ्यावरच बसली.

"आणलेली म्हणजे?"

"म्हणजे आणलेली. इस्पितळातून. तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होती एक, तिची मी. तिला सांभाळायला जमेना, यांना मूल होईना. झालं."

"आणि हे मला आत्ता सांगतेस? मला बावन्नावं लागलंय!"

"विचारलंस कधी? घोडे, तुझा बाप वारला तेव्हा विचारलं नाहीस, नवरा गेला तेव्हा विचारलं नाहीस. आज नगरपालिकेनं विचारलं तेव्हा तुला आई आठवली."

दोरवाल्याच्या घरातली बोलणी अशीच. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, आणि हा पीळ तर रक्तातून आलेलाही नव्हता म्हणे.

"मग गेलं घर," बाइंडरबाई म्हणाली.

"कशानं जातंय? लिहून घेतलंय की. आई मला कितीदा तरी सांगायची, कोणी काही बोललं तर घाबरू नको, कारकुनानं तुझ्या नोंदीच्या कडेला सगळं लिहिलंय. बाबांचा अंगठा घेतलाय. पुस्तकाच्या कडेला, लाल शाईत."

"कडेला?"

"कडेला. का गं? तुझं तोंड असं का झालं?"

बाइंडरबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुस्तकांच्या कडांचं काय झालं, हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस उंबऱ्यावर बसलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी दप्तरखान्यात लोखंडी कपाटं आली. रजिस्टरं त्यांत बसेनात, दीड बोट बाहेर यायची आणि दार लागायचं नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, "काहीतरी करा." लेखी काही दिलं नाही. साहेब लोक असलं लेखी देत नसतात. तिला काम शिकवणाऱ्या वस्तादाला दिसत नव्हतं, सगळं काम हिच्याकडं. पंचवीस वर्षांची होती, हाताला धार होती, आणि हात दाखवायची हौस दांडगी. एकेक रजिस्टर उसवलं, नव्यानं शिवलं, कटिंग मशीनखाली धरलं आणि कडेचं दीड बोट उडवलं. समासात कुठं कुठं काही खरडलेलं होतं, तिनं पाहिलंही होतं. कारकुनांची खरड, असं समजून सोडून दिलं. कड मात्र अशी आली की नखानं चाचपावी. साहेबांनी कपाटाचं दार लावून दाखवलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप ती कितीतरी वर्षं लोकांना सांगत होती.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दप्तरखान्याचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर हजर.

जन्माची रजिस्टरं तिसऱ्या कपाटात. आईच्या वर्षाचे दोन भाग होते. पुस्तक फार जाड म्हणून तिनंच बांधताना दोन केलेले, सहा महिने एकात, सहा महिने दुसऱ्यात. आईची तारीख मार्चमधली. पहिला भाग काढून तिनं खिडकीशी नेला. मार्च, अकरा तारीख, तिसरी नोंद. मुलगी. आईचा व्यवसाय: इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मोलकरीण. वडील: रेघ. मुलीच्या नावाची जागा कोरी.

आणि उजव्या कडेला, जिथं पान संपतं तिथं, चंद्रकोरीएवढी जांभळी शाई. अंगठ्याचा कडेचा तुकडा. बाकीचा अंगठा हवेत. लाल शाईचे तीन ठिपके. अक्षरांचे पाय, वरचं धड नाही.

तिनं कडेवरून बोट फिरवलं. अजून सुतात होती. एक मिलिमीटर इकडं नाही, तिकडं नाही. ती स्वतःशीच एक शिवी हासडून मोकळी झाली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

दहा वाजता पुस्तक दुरुस्तीच्या पिशवीत घालून तिनं ते पान मंडळात मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"डाग आहे."

"अंगठा आहे."

"असेलही. रेघा नाहीत त्यावर. एक खाच सोडली तर सपाट आहे."

"दोर वळणाऱ्याच्या अंगठ्यावर रेघा राहतात का, मास्तर? काथ्यानं घासून गुळगुळीत होतो तो. माझ्या आजोबांच्या अंगठ्यावर माशी घसरायची."

"बाई, मला पटतंय. पण पटल्यावर शिक्का मारता येत नाही. या चंद्रकोरीवर मी वंशपत्र दिलं तर उद्या कोणीही डाग दाखवून घर मागेल. कापलेला तुकडा पाहिजे. तो कुठं असेल? चुलीत गेला असेल."

बाइंडरबाईनं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "आमचा वस्ताद कागद जाळायचा नाही."

हे खरं होतं. जुना कागद चिंध्यांचा, चिवट. वस्तादाचा कायदा असा की आज कापलेल्या पुस्तकाची कातरण उद्याच्या पुस्तकाच्या पाठीत अस्तर म्हणून घालायची, थरावर थर, खळ लावून. पुस्तकाची पाठ शंभर वर्षं टिकते. बाइंडरबाईनं हात दाखवायची हौस केली ती केली, पण हा कायदा मोडला नव्हता. म्हणजे ती कड गावाबाहेर गेली नव्हती. ती दप्तरखान्यातच होती, कुठल्या तरी पुस्तकाच्या पाठीत, चामड्याखाली.

"मग काढा की," मास्तर म्हणाले.

"काढीन. दुपारी साहेब जेवायला गेले की तासाभराचं काम."

मास्तरांनी मान हलवली. "एकटीनं काढलीत तर ती कातरण माझ्या काय कामाची? तुम्ही बाइंडर. जुना कागद तुमच्याकडं, शाई तुमच्याकडं, खळ तुमच्याकडं. तुमच्यासारखी हुशार बाई घरी बसून असा तुकडा बनवू शकते, असं कोणीही म्हणेल. मीच म्हणेन."

"तुम्ही म्हणाल?"

"चिटणीस म्हणून म्हणेन. दप्तरखान्याच्या साहेबांसमोर उघडा. माझ्यासमोर उघडा."

साहेबांसमोर उघडायचं म्हणजे आधी साहेबांना सांगायचं. सांगायचं म्हणजे सव्वीस वर्षं पोटात ठेवलेलं ओकायचं. हात दाखवून अवलक्षण. वर सरकारी पुस्तकाची पाठ फाडायची परवानगी मागायची, तीही ज्या हातांनी सरकारी कागद कापला त्याच हातांनी. काम गेलं तर घर घेऊन काय चाटायचं? आणि घर गेलं तर आईला घेऊन कुठं जायचं, या गुडघ्यांनिशी?

जिना उतरून, रस्ता ओलांडून, दप्तरखान्याचा जिना चढेपर्यंत तिनं तीनदा ठरवलं की बोलायचं नाही. साहेबांच्या टेबलापाशी पोचली आणि बोलली.

साहेब पस्तिशीचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. एरवी तिला मावशी म्हणायचे. ऐकता ऐकता मावशीची बाई झाली.

"बाई, तुम्ही जन्मनोंदी कापल्या?"

"कडा कापल्या."

"कडेवर शेरे असतात! दुरुस्त्या असतात! आणि किती पुस्तकांच्या?"

"कपाटात जी बसली त्या सगळ्यांच्या."

साहेबांनी खुर्ची मागं सारली. कपाटाकडं बघितलं. दार नेहमीसारखं नीट लागलेलं होतं.

"कोणी सांगितलं होतं?"

"तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं काहीतरी करा. कापा म्हणाले नव्हते. कापली मीच."

"त्यांच्यावर ढकलता आलं असतं. ते वारलेत."

"म्हणूनच नाही ढकललं. मेलेल्याला उत्तर देता येत नाही."

साहेब दहा मिनिटं कपाटातली पुस्तकं काढून त्यांच्या कडा बघत राहिले. तिला ती दहा मिनिटं घड्याळात दिसत होती. मग त्यांनी एक कोरा कागद पुढं टाकला. "लिहा. काय कापलं, कधी. कोणाच्या सांगण्यावरून, ते नको. सही करा. मग एक पुस्तक उघडायची परवानगी देतो. एकच. तुम्ही म्हणाल ते."

तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण सही ठळक केली.

दोन वाजून पाच मिनिटांनी मास्तर आले. तिनं त्याच वर्षाचं लग्नांचं रजिस्टर मागितलं. तिच्या आठवणीप्रमाणे जन्मानंतर लग्नांचं पुस्तक शिकंज्यात, म्हणजे दाबाखाली, गेलं होतं. तिनं टेबल पुसलं, रापीनं पाठीचं चामडं बाजूनं सोडवलं आणि ओल्या टीपकागदाच्या पट्ट्या अस्तरावर बसवल्या.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता थांबायचं. खळ भिजायला पाऊण तास."

"पाऊण तास!"

"ओढून काढली तर शाई खळीबरोबर येईल, साहेब. मग तुम्हीच म्हणाल पुरावा कुठाय."

पाऊण तास तिघंही त्या पुस्तकाभोवती बसली, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. साहेबांनी पेन्सिली पुन्हा लावल्या. तीन वाजता तिनं हाडाची पट्टी घातली आणि पहिला थर सुटा केला. लांब चिंचोळी पट्टी, काठाला कारकुनाचं अक्षर. दुसरी. तिसरी. साहेब एकेक काचेवर मांडत गेले, मास्तर भिंगानं वाचत गेले.

"ऑगस्ट," मास्तर म्हणाले. "सप्टेंबर. हीसुद्धा सप्टेंबर. ही डिसेंबर."

मार्च नव्हता. एकही नव्हता.

"एकच ठरलं होतं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तिला जास्त भीती वाटली.

तिनं डोळे मिटले. पंचवीस वर्षांची ती तिला दिसेना, पण तिचे हात आठवले. आज कापलं, उद्या घातलं. लग्नांत दुसऱ्या भागाची कातरण, म्हणजे लग्नांच्या आदल्या दिवशी दुसरा भाग कापला. मग त्याच्या आदल्या दिवशी पहिला. पहिल्याची कातरण जाणार कुठं?

"साहेब, जन्माचा दुसरा भाग. त्याच्या पाठीत. दुसरीकडं जाऊच शकत नाही."

"हेच तुम्ही मघाशी या पुस्तकाबद्दल म्हणालात."

"मघाशी मी आठवणीनं बोलले. आता कातरण बोलतेय."

साहेब उत्तर देणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "हे वाचा जरा." आणि त्यांनी एक पट्टी काचेसकट साहेबांपुढं सरकवली. लाल शाईतला शेरा पूर्ण होता: मूल मृत अशी वरील नोंद चुकीने झाली, मूल जिवंत आहे, आईने समक्ष आणून दाखवले.

साहेबांनी तो दोनदा वाचला. उठले, दुसरा भाग आणला, सप्टेंबरचं पान काढलं. पानावर तेवढंच होतं: मृत. कोणीतरी सत्तर-ऐंशी वर्षं कागदावर मेलेलं होतं, आणि कोण जाणे, कुठल्या तरी घरात चहा पीत बसलेलं असेल.

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि तेच तिच्यापुढं ठेवलं.

"उघडा."

साडेतीन झाले होते. पाऊण तासात खळ भिजायला हवी. तिनं टीपकागद कोमट पाण्यातून काढले, पिळले, बसवले. कपाळावरचा घाम पाठीवर पडू नये म्हणून मान वाकडी धरून बसली. फोन वाजला. आई.

"झालं का?"

"भिजतंय."

"काय भिजतंय?"

"तू. ठेव आता."

सव्वाचारला तिनं पट्टी घातली. पहिला थर खळीला धरून बसला होता, सुटेना. मास्तर म्हणाले, "बाई, चार सतरा." ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही घड्याळ बघा, मला सांगू नका." एक टोक सुटलं. जानेवारी. पुढची फेब्रुवारी. त्याखालची दोन एकमेकींना चिकटून आली. तिनं ती वेगळी करायला हात घातला आणि एकीच्या टोकाला चर्रकन आवाज झाला. टोक कोरं होतं, फाटलं ते कोरंच फाटलं.

तिनं उरलेली पट्टी उलटी केली. जांभळा अंगठा. पाऊण अंगठा, काठाशी कापलेला, गुळगुळीत, एकही रेघ नाही, पण मधून आडवा गेलेला जुन्या जखमेचा चर. दोराचा. शेजारी लाल शाईत: सदर मुलगी दोरकामगार, ओळ दोन, घर अकरा, व पत्नी यांनी आपली म्हणून वाढवण्यास घेतली. आईची संमती. अंगठा घेणाऱ्याचा.

मास्तरांनी मार्चचं पान उघडून धरलं. साहेबांनी पट्टी चिमट्यानं उचलून कडेला लावली. चर पानावरच्या चंद्रकोरीत शिरला आणि तिथं संपला. अक्षरांच्या पायांवर धडं बसली. कड इतकी सरळ होती की सांधा दिसेना.

"काप मात्र चांगला आहे," मास्तर म्हणाले.

"गप्प बसा, मास्तर," बाइंडरबाई म्हणाली, आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. ते तिनं बाहीनं पुसलं, हात ओले होते म्हणून.

मास्तरांनी पिशवीतून फॉर्म काढला, शाईचं पॅड काढलं, भराभर लिहिलं. साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली. चार अठ्ठेचाळीसला शिक्का पडला. मास्तर फॉर्म फुंकरत फुंकरत समोरच्या नगरपालिकेत धावले. सत्तरीचा माणूस, खिडकीतून बघताना वाटलं रस्त्यातच पडतोय. बाराव्या मिनिटाला परत आले, हातात पोच. खिडकीवाला पाचाच्या आधीच शटर ओढत होता, त्यात कोपर घातलं म्हणाले. कोपर दाखवलंही.

साहेबांनी तिची लेखी कबुली पुढ्यात घेतली.

"बाई, हे मला वर पाठवावं लागेल. चौकशी होईल. तोवर तुम्हाला काम देता येणार नाही असं नियम म्हणतो."

"म्हणू द्या."

"मास्तर, तुमच्या मंडळानं या महिन्यात किती जणांना नाही म्हटलं?"

मास्तरांनी वही उघडली नाही. "सतरा घरं. नोंद जुळत नाही म्हणून. मुदत आज गेली त्यांची."

बाइंडरबाई कपाटाकडं बघत होती. तिची सुबक, सारख्या उंचीची, दार लागणारी पुस्तकं.

"अपिलाला किती दिवस असतात?" तिनं विचारलं.

"तीस," साहेब म्हणाले.

"ही पाठ माझ्याशिवाय कोण उघडणार? कुठली कातरण कुठं, हे कोणाला ठाऊक आहे? तुमचा नियम सांगेल?"

साहेबांनी कबुली खणात ठेवली. खण बंद केला नाही. "चौकशीसाठीच तुम्ही इथं लागणार, असं मी लिहू शकतो," ते म्हणाले. "सोमवारपासून."

"सोमवारी कशाला? दप्तरखाना सहाला बंद होतो. अजून पाऊण तास आहे."

साहेबांनी किल्ली दिली. तिनं पुढच्या वर्षाचा पहिला भाग काढला, चामडं सोडवलं, आणि टीपकागद पाण्यात बुडवला.